घोड्याचे पाय मुंबईला गेले तेव्हा

मी जुनी पोस्टरं विकते. देवांची नाही, सिनेमाची. राजुरीत आमच्या घरामागं कांद्याची बराख आहे. बराख म्हणजे कांदा साठवायची हवेशीर चाळ. तिच्या एका अंगाला कांदा असतो आणि दुसऱ्या अंगाला, जाड प्लॅस्टिकच्या आत, नट-नट्या असतात. या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "आजी, लहानपणापासूनचं सगळं लिहा." मी म्हटलं, लहानपणी मेंढरं राखली आणि चौथीपर्यंत शाळेत गेले, झालं लिहून. धंद्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे, ते लिहिते.

धंदा मी ठरवून केला नाही. माझे मालक तंबूतल्या सिनेमात पोस्टरं चिकटवायचे. यात्रेच्या गावात तंबू पडला की खळीची बादली घेऊन आसपासच्या वस्त्या फिरायचे. खळीत मोरचूद घालावा लागतो, नाहीतर रात्रीतून उंदीर पोस्टर खातात आणि सकाळी उरलेलं शेळ्या खातात. पुढं घराघरात टीव्ही आला आणि तंबू बसला. तंबूच्या मालकाकडं गड्यांना द्यायला काही उरलं नव्हतं. त्यानं उरलेली पोस्टरं कांद्याच्या तराजूत घातली आणि वजनावर वाटून दिली. कुठलं पोस्टर कुणाच्या तागडीत गेलं, कुणी बघितलं नाही. आमच्या वाट्याचा गठ्ठा मी बराखीच्या कुडाला आतून लावला, कांद्याला ओल लागू नये म्हणून.

माझे मालक वारले. त्यानंतर एकदा पुण्याचा एक माणूस कांदा बघायला आला. कांद्याकडं पाठ करून कुडाकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे कितीला?"

मी म्हटलं, "बराख विकायची नाय."

"बराख नको, कागद पाहिजे."

त्या साली कांद्यानं काही दिलं नाही, कुडानं दिलं. दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं बाकीची पोस्टरं सोडवायला घेतली. मग जुन्नर-आंबेगावात तंबूवाल्यांची, गावोगावच्या थेटरवाल्यांची घरं हुडकत फिरायला लागले. लोक म्हणायचे, म्हातारी रद्दी गोळा करते. करू दे म्हटलं.

बाहेरच्यांना वाटतं, जुनं म्हणजे महाग. तसं नसतं. पोस्टर हा फाटायसाठीच छापलेला कागद. सिनेमा गाजला की छाप जास्त, म्हणून ती पोस्टरं अजून सापडतात. पडला की गठ्ठे तसेच रद्दीत. त्यामुळं कधी कधी गाजलेल्या सिनेमापेक्षा आपटलेल्याचं पोस्टर जास्त भाव घेतं. गिऱ्हाईक आधी बघतं, कागद त्या काळचा आहे का मागाहून छापलेला. मग घड्या, मग कोपरे, मग फाटकं. फाटलेलं असेल तर मागून पातळ कापड लावून घेतात. मी फाटक्यावर रंग भरत नाही. फाटलंय ते फाटलंय म्हणून सांगते. त्यानं भाव कमी येतो, पण गिऱ्हाईक परत येतं.

गिऱ्हाइकांत वेडे फार. एक दातांचा डॉक्टर फक्त हसणारी माणसं घ्यायचा, तेही दात दिसत असतील तरच. नायक कितीही मोठा असो, तोंड मिटलेलं असेल तर नको. भीमाशंकरच्या रस्त्याला शिनोलीत एकानं हॉटेल काढलं. त्याला जुनी दिसणारी पोस्टरं हवी होती आणि जुन्यांची किंमत द्यायची नव्हती. त्यानं नवी छापून आणली आणि पिवळी दिसावीत म्हणून चहात बुडवली. दुधासाखरेच्या चहात. आठवड्यात भिंतभर मुंग्या. मला फोन करून विचारतो, "मावशी, तुमच्या पोस्टरांना मुंग्या येत न्हाईत का वो?" मी म्हटलं, "आमची पोस्टरं चहा पीत नाहीत."

आता लिलावाचं सांगते.

मुंबईत लिलावाची घरं आहेत. त्यांतल्या एका घरानं माझं एक पोस्टर नेलं. त्यांचा माणूस कोट घालून बराखीत आला, मला मॅडम म्हणाला, कोटाला कांद्याची टरफलं चिकटवून गेला. लिलाव झाल्यावर फोन आला, मॅडम अभिनंदन, हातोडा अमुक आकड्यावर पडला. पैसे आले ते त्या आकड्यापेक्षा बरेच कमी. विकणाऱ्याकडून त्यांचा हिस्सा, फोटोचा खर्च, विम्याचा खर्च, ने-आण. मला त्याचा धक्का बसला नाही. टोमॅटोच्या मार्केटची हिशेबाची पट्टी बघितलेल्या माणसाला कपातीचा धक्का बसत नाही. हमाली, तोलाई, आडत, सगळं आम्ही बघितलंय.

धक्का पुढं बसला. ते पोस्टर घेणारा गृहस्थच एकदा आणखी काही आहे का बघायला राजुरीला आला. बोलता बोलता कळलं, त्यानं हातोड्याच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त भरलं होतं. घेणाऱ्याकडूनही त्या घराचा हिस्सा असतो आणि त्या हिश्शावर कर. म्हणजे तिकडून वर चढवलेलं आणि इकडून खाली उतरवलेलं, दोन्ही मधेच राहिलं.

मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही हात वर करताना कुठला आकडा धरता? हातोड्याचा का भरायचा?"

ते म्हणाले, "भरायचा. फी आधी वजा करतो, मग उरेल तिथपर्यंत हात वर."

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं. फी घेणाऱ्यानं भरली असं पावतीवर लिहितात, पण ती निघते माझ्या कागदातूनच. माणूस घरून ठरावीक पैसे घेऊन निघतो. फी वाढली म्हणून त्याचा खिसा वाढत नाही.

ते घर फुकट खातं असं मी म्हणणार नाही. ते फोटो काढतात, पुस्तक छापतात, माल तपासतात, आणि माझ्या बराखीत कधी येणार नाहीत असली माणसं एका खोलीत आणून बसवतात. त्याचे पैसे पडणारच. पण मरण कुणाचं होतं, तर छोट्या व्यापाऱ्याचं. तो लिलावात घेऊन बाहेर विकायचा. आता घेताना फी, परत लिलावात घालताना फी, त्याला उरणार काय? म्हणून ते सगळे आता गावोगाव फिरतात आणि आमच्यासारख्यांच्या दारात येतात. त्यांतलाच एक पुण्याचा व्यापारी. त्याला मी शेठ म्हणते. गोड बोलतो. त्याचं नाव लिहीत नाही, तो या गोष्टीत हरतो.

गोष्ट घोड्याची. तंबूसाठी मोठं पोस्टर यायचं ते सहा कागदांचं. खाली दोन, मधे दोन, वर दोन. भिंतीवर एकाला एक जोडून लावायचे. माझ्या गठ्ठ्यात असले चार कागद निघाले. घोड्यावर बसलेली बाई, हातात तलवार, केस उडालेले. रंग असे की काल छापलेत. पण घोडा पोटापर्यंतच. पाय नाहीत.

पाय होते महाळुंगे पडवळला, बबनकडं. बबनचे वडील त्याच तंबूत खांब उभे करायचे. वजनावर वाटणी झाली तेव्हा खालचे दोन कागद त्यांच्या गठ्ठ्यात गेले. बबन आता मांडववाला आहे. लग्नं, दशक्रिया, सभा, सगळ्याला त्याचा मांडव. तो मला वैनी म्हणतो, मी त्याला भावजी. वर्षानुवर्षं तो मला म्हणायचा, "वैनी, घोडा द्या." मी म्हणायचे, "भावजी, पाय द्या." दोघंही देत नव्हतो.

मला त्या घोड्यात मालकांची आठवण वगैरे नव्हती. चार कागद म्हणजे तुकडा आणि सहा म्हणजे पोस्टर. सबंध सहा कागद मी तरी कुठं बघितले नव्हते. मरायच्या आधी ते एकदा जोडून उभं करायचं आणि चांगल्या भावानं विकायचं, एवढं मला हवं होतं.

एके दिवशी नातसुनेनं मोबाईल पुढं धरला. "आजी, हे बघा. आपल्या घोड्याचे पाय मुंबईच्या लिलावात." खरंच. त्याच कोटवाल्यानं बबनला गाठलं होतं. फोटोत चार खूर आणि थोडं गवत.

मी तिसऱ्या दिवशी महाळुंग्याला गेले. बबन अंगणात बांबू मोजत होता. त्याची बायको शेवंता पापड वाळत घालत होती.

"या वैनी. बघितलं का? आमचे पाय इमानात बसून जाणार बहुतेक."

"कितीचा राखीव भाव लावलाय?" मी विचारलं. राखीव भाव म्हणजे त्याच्या खाली विकायचं नाही असा ठरवलेला आकडा. तो गुपित असतो. बबननं फुशारकीनं लगेच सांगून टाकला.

मी हसले. "चार खुरांना? भावजी, त्याच्यावर घेणाऱ्याची फी, फीवर कर. एवढं कोण भरंल?"

"तुमी भराल. तुमच्याबिगर दुसऱ्या कुणाला पाय लागत्यात? येताल झक मारून."

"अवो, काय बोलता!" शेवंता म्हणाली.

"बोलू दे," मी म्हटलं. "पण मी एक रुपयाची बोली लावणार नाय. आत्ता काढून घ्या परत."

"सही केलीया. काढलं तर दंड हाय."

"मग न विकता परत येऊ द्या. आणि माझ्याशी भागी करा. जोडून विकू. रुमाल काढा."

इथं बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडं बाजारात मेंढराचा, बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. आजूबाजूच्यांना कळत नाही, आणि एकदा हात दाबला की भाव ठरला. मग कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी फिरायचं नाही. माझ्या बापानं मला हे शिकवलं कारण त्याला मुलगा नव्हता. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा म्हणून बेल्ह्याच्या बाजारात लोक माना वळवून बघायचे. बघितलं.

बबन लाजला. शेवंताकडं बघायला लागला. ती म्हणाली, "घाला की हात. मी हाय हितं. या वयात काय पळून जाताय व्हय दोघं?"

खांद्यावरचा पंचा पसरून त्यानं हात घातला. मी त्याची चार बोटं धरली. दहातले चार. वजनानं बघितलं तर सहातले दोनच कागद त्याचे, म्हणजे चार पुष्कळ झाले. त्यानं माझी पाच धरली, सोडली आणि परत एक धरलं. सहा. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त.

मी हात काढून घेतला.

"लिलाव झाल्यावर बघू," तो म्हणाला.

"बघू," मी म्हटलं. बबनचं मला भय नव्हतं. भय शेठचं होतं. चार कागद माझ्याकडं आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं पाय उचलले असते तर ते माझ्या डोक्यावर धरून माझा घोडा मातीमोलानं नेला असता, नाहीतर पाय कपाटात टाकून माझ्या मरणाची वाट बघितली असती. व्यापारी असंच करतो. मीही केलं असतं.

लिलावाच्या दिवशी मी नातसुनेबरोबर मुंबईला गेले. थंडगार खोली, मऊ खुर्च्या. बोली लावायची असेल तर आधी नाव नोंदवून नंबराची पाटी घ्यायची. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, मी नको म्हटलं. दुसऱ्या रांगेत जाऊन बसले, शेठला मी नीट दिसेन अशी. शेजारी पुण्याच्या एक बाई होत्या. कापडाचा व्यापार, घरात पोस्टरांची आवड. त्या म्हणाल्या, "मी वर्षाला एकच घेते. तेही फी धरून बसवावं लागतं, म्हणून चांगली हातची जातात."

शेठ आला. वाकून म्हणाला, "मावशी, पायांसाठी आलात ना? कुठपर्यंत जाणार?"

"कुठंच नाय. गार हवेत बसायला आलेय."

तो हसला. खोटं वाटलं त्याला. मी दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवले.

पाय आले. शेठनं पाटी वर केली. समोरचा हातोडेवाला माणूस आकडा वाढवत गेला. राखीव भावापर्यंत आकडा ते घर स्वतःच चढवत नेतं हे मला माहीत होतं, शेठलाही माहीत होतं. शेठ प्रत्येक बोलीनंतर माझ्याकडं बघायचा. त्याला वाटत होतं मी पाटी लपवलीय, शेवटी काढीन, मग तो मला आणखी वर नेऊन सोडून देईल किंवा घेऊन मलाच विकेल. बबननं सांगितलेल्या आकड्याच्या एक पायरी खाली तो थांबला. आणखी एकदा पाटी वर गेली असती तर पाय त्याचे. माझ्या तळहातांना घाम आला होता, पण मी ते पदराला पुसले नाहीत. हात हलला असता तर त्यानं पाटी उचलली असती.

त्याचे ओठ हलताना मला दिसले. तो फी मोजत होता. हा आकडा, त्यावर घराचा हिस्सा, त्यावर कर. एवढं भरून हाती चार खूर आणि गवत. आणि जगात त्याचं एकच गिऱ्हाईक, ते बिनपाटीचं समोर बसलेलं. फी नसती तर त्यानं घेतलंच असतं, एवढा जुगार तो खेळतो. फीनं त्याचे हात बांधले.

पाटी खाली गेली. समोरचा माणूस दोनदा बोलला आणि पुढच्या मालाकडं वळला. पाय विकले गेले नाहीत.

नातसून माझा हात दाबून म्हणाली, "आजी, जिंकलो का आपण?" मी म्हटलं, "अजून बबन हाय."

बबनचा फोन आमची गाडी घाट चढत असताना आला. "वैनी, बुडवलं मला तुमी! आता फोटोचे पैसे मागत्यात, इम्याचे मागत्यात, वर माल तुमीच घिऊन जा म्हणत्यात!"

"पाय बुडाले नायत, भावजी. घरी यायला निघाल्यात."

पुढच्या आठवड्यात तो पिकअप घेऊन राजुरीत आला. प्लॅस्टिकच्या नळीत पाय, शेजारी शेवंता. मान खाली. पंचा स्वतःच पसरला. मी किती धरीन ते त्याला माहीत होतं. हरलेल्या माणसाला बाजारात तीन मिळतात.

मी त्याची पाचही बोटं धरली आणि दाबली.

तो बघतच राहिला. "पाच?"

"मुंबईला जे कापलं जाणार व्हतं, तुमचंबी आणि माझंबी, ते तुमच्या वाट्याला घातलं. माझ्या पदरचं काय गेलं नाय."

ते खरंच होतं. मी हिशेब करून बघितला होता. सहाही कागद लिलावात घातले असते तर दोन्हीकडच्या फीनं जे नेलं असतं, ते वाचत होतं, आणि त्यामुळं बबनला चारऐवजी पाच देऊनही मला जास्तच उरत होतं. दया म्हणून केलं नाही.

त्यानं अंगणात मांडवाचे बांबू उभे केले, पांढरं कापड ताणलं. खळ नाही, चिमटे. आधी पाय, मग पोट, मग बाई. कडेला एकावर एक चढवायला पट्टी सोडलेली असते, ती बरोबर बसली. आम्ही तिघं मागं सरकलो.

शेवंता म्हणाली, "अगं बया! ह्या घोड्याचे पाय लई आखूड हायत."

होते खरे. चित्र काढणाऱ्याला वरच्या बाईत एवढी जागा लागली की खाली पायांना उरली नाही. एवढी वर्षं आम्ही दोघं या आखूड पायांसाठी भांडलो होतो. तिघंही हसत सुटलो. तरी पोस्टर असं दिसत होतं की रस्त्यानं जाणाऱ्या टेंपोनं ब्रेक मारला.

त्याचा फोटो नातसुनेनं कुणाकुणाला पाठवला. आधी कोटवाल्याचा फोन आला. "मॅडम, सबंध पोस्टर आम्हाला द्या. विकणाऱ्याकडून आम्ही काहीच घेणार नाही. फोटो, विमा, सगळं माफ."

"आणि घेणाऱ्याकडून?"

"ते तर नियमाप्रमाणं, मॅडम."

"मग माझ्या कागदातून जायचं ते जाणारच की." मी फोन ठेवला. मॅडम म्हटलेलं मात्र आवडतं मला.

शेठचाही आला. त्याला मी भाव सांगितला. तो म्हणाला, "मावशी, यात मला काय उरणार?" मी म्हटलं, "बघायला मिळंल."

आणि मग त्या कापडवाल्या बाई आल्या. पोस्टरापुढं उभ्या राहिल्या, मागं सरकता सरकता कांद्याच्या क्रेटवर बसल्या. भाव तोंडानंच केला. रुमाल त्यांना कळला नसता. तासभर घासाघीस केली, चहा दोनदा झाला. आकडा ठरला तेव्हा त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि सवयीनं विचारलं, "आणि यावर किती?"

बबनला कळेना. "यावर म्हंजी?"

"फी विचारत्यात," मी म्हटलं. "यावर काय नाय, बाई. ठरलं तेवढंच."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मी तर फी धरून पैसे आणलेत."

"मग परत न्या."

त्यांनी पैसे परत नेले नाहीत. बराखीत शिरल्या आणि प्लॅस्टिक उघडून एकेक कागद बघत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात आणखी एक पोस्टर होतं, विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन बायांचं, कोपरा फाटलेलं. फाटलंय म्हणून मी सांगितलं. त्या म्हणाल्या, दिसतंय. फीचे जे पैसे होते त्यात ते बसलं.

गाडी गेली. बबननं त्याचा अर्धा हिस्सा कमरेच्या पिशवीत घातला, बांबू सोडायला लागला आणि बांबूच्या आडून म्हणाला, "वैनी, त्या दुसऱ्या पोस्टरात माझे पाच किती झाले?"

मी म्हटलं, "त्याच्यात तुमचे पाय नायत, भावजी."